वडूजपर्यंत उभी

१४ ऑगस्ट, गुरुवार
उद्याच्या झेंडावंदनाची तयारी. शिपाई रजेवर, म्हणून व्हरांड्यातला बाक मीच उचलला. खाली काहीतरी सरकलं. दुखलं नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं, निदान कुणाला सांगता तरी आलं असतं. बाथरूममध्ये जाऊन हात लावून बघितला. लिंबाएवढं, मऊ, ओलं. माझंच काहीतरी, पण बाहेर. हात दोनदा धुतले आणि नववी ब चा तास घेतला. काय शिकवलं ते देवाला ठाऊक.
कॅन्सर असेल.

१६ ऑगस्ट, शनिवार
आडवं झालं की आत जातं. सकाळी काही नसतं, म्हणून रोज सकाळी वाटतं की गेलं. चार वाजेपर्यंत उभं राहून शिकवलं की परत हजर. मी तिला पाहुणी म्हणायला लागलेय. नाव ठेवलं की भीती कमी होते म्हणतात. साफ खोटं.
यांना सांगितलेलं नाही. सुभेदार म्हणून रिटायर झालेला माणूस, बर्फात पहारे दिलेले, पण माझ्या तोंडून ‘पाळी’ शब्द आला तरी उठून पेपर शोधायला जातो. त्यांना काय सांगणार, कसं सांगणार.
आणि वर नवस.

१७ ऑगस्ट, रविवार
नवसाचं आज लिहूनच टाकते, डोक्यात नुसतं घोंघावतंय.
अशूची आधीची दोन गेली, दोन्ही तिसऱ्या महिन्यात. यंदा वैशाखात तिसरा महिना सुखरूप सरला, तेव्हा मी माहेरी म्हसवडला जाऊन सिद्धनाथापुढे बोलले, ‘लेकीचं नीट पार पडू दे, यंदा मी उभी राहीन.’ उभ्याचं नवरात्र म्हणजे दिवाळीच्या पाडव्याला घट बसले की तुळशीच्या लग्नापर्यंत खाली बसायचं नाही. जेवण उभ्यानं, झोपही उभ्यानं, आढ्याच्या दोराला बांधलेल्या फळीवर छाती टेकून. आईनं कितीतरी वर्षं केलं. मी शाळेत दिवसभर उभीच असते, मला काय अवघड, असं वाटलं होतं.
आता संध्याकाळी भाजी चिरायलासुद्धा उभं राहवत नाही. आणि देवाशी ‘जमणार नाही’ कसं म्हणायचं? दोन गेलीत. तिसऱ्याशी खेळ नको.

२३ ऑगस्ट, शनिवार
मिरजेला जाऊन आले. कराडात दाखवलं असतं तर औषधाच्या दुकानातून बातमी माझ्याआधी घरी पोचली असती. घरी सांगितलं, अशूला भेटायला सांगलीला चाललेय, लाडू द्यायचेत. लाडू दिलेही.
डॉक्टरीणबाई तरुण आहेत, अशूपेक्षा चार वर्षांनी मोठ्या असतील. तपासलं. ‘कॅन्सर नाही, काकू. अंग खाली आलंय, गर्भाशय.’ मला रडू आलं. त्यांना वाटलं वाईट वाटलं म्हणून. तसं नव्हतं, सुटल्यासारखं झालं होतं.
ते सुटणं पाच मिनिटंच टिकलं. त्यांनी विचारलं, ‘अंगठा मागे वळवून मनगटाला लागतो का?’ मी हसत लावून दाखवला. हे तर मी लहानपणापासून करते. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, पोटातली अंगं नुसती ठेवलेली नसतात, पडद्यांनी आणि बंधांनी धरलेली असतात. तेच बंध अंगभर असतात, सांध्यात, कातडीत, सगळीकडे. काही घरांत ते मुळातच सैल. त्यात बाळंतपणात ताणले जातात, पाळी गेली की आणखी विरतात, वर जड उचलणं, कुंथणं, खोकला. ‘तुमच्या आईला असा त्रास होता का?’
माहीत नाही म्हणाले. खरंच माहीत नाही. आईनं कधी डोकं दुखल्याचंसुद्धा सांगितलेलं नाही.
‘मुलगी आहे?’
आहे. आठ किलोमीटरवर, सातव्या महिन्यात, माझे लाडू खात बसलीय.

२४ ऑगस्ट, रविवार
काल एक लिहायचं राहिलं. निघताना विचारलं, ‘आणि बारा दिवस उभं राहायचं म्हटलं तर?’
‘म्हणजे दिवसभर?’
‘दिवसरात्र.’
डॉक्टरीणबाई गंमत समजल्या. मग माझं तोंड बघितलं आणि पेन खाली ठेवलं. सध्या एक रबरी रिंग आत बसवून दिलीय, बांगडीसारखी, पाहुणीला थोपवायला. ऑपरेशन नंतर करू म्हणाल्या, पण तेही कायमचं टिकेलच असं नाही. टाका पक्का घालता येतो, पण कापडच विरलेलं असेल तर टाक्याशेजारी फाटतं. माझ्या जुन्या साड्यांचं नेमकं तेच होतं, मला नीट कळलं.
अशूला शाळेत योगासनांची बक्षिसं मिळायची. पाहुणे आले की आम्ही तिला हॉलमध्ये उभी करायचो. अशू, कमान करून दाखव. अशू, अंगठा दाखव. ‘रबराची बाहुलीच आहे हो तुमची,’ म्हणायचे सगळे, आणि मी फुशारून चहा टाकायला जायची.
आज तो फोटो भिंतीवरून काढून कपाटात ठेवला. हे म्हणाले, ‘का काढला?’ म्हटलं, काचेला धूळ लागलीय.

१ सप्टेंबर, सोमवार
गौरी जेवल्या. आई म्हसवडहून आलीय. पुरणपोळ्या मी बसून लाटल्या, ओट्यापाशी स्टूल घेऊन. आई नुसती बघत होती.

२ सप्टेंबर, मंगळवार
आईनं पकडलं. गौरी पोचवून आलो, मी दारात चप्पल काढत उभी होते.
‘कवापासनं हाय?’
‘काय?’
‘मला शिकवू नगंस. पाय कातरीगत करून हुभी ऱ्हातीस. मी बी तशीच हुभी ऱ्हाती.’
मग जे सांगितलं ते असं. माझ्या धाकट्या भावाच्या वेळचं. पाचव्या दिवशी पाण्याला गेली, दुष्काळाचं वर्ष, विहीर लांब. डोक्यावर दोन घागरी. वाटेतच आलं. तेव्हापासून आहेच. आधी सुपारीएवढं, आता पुरं बाहेर असतं. फडक्यानं वर लोटायचं आणि काष्टा आवळायचा. ‘मी नऊवारी का सोडंना, म्हनून तुमी समदी हसायचा. गाऊन घाल, गाऊन घाल. गाऊनला काष्टा असतोय व्हय?’
आणि ही बाई तशा अंगानं उभी राहायची! बारा बारा दिवस, वर्षानुवर्षं. विचारलं, का गं? म्हणाली, ‘बरं वाटंल म्हनून. नाथालाच सांगत हुते, धर माजं अंग.’
तिचा अंगठा बघितला. संधिवातानं गाठी आल्यात, तरी जातोय मनगटापर्यंत. मला धडकीच भरली. आई, मी, अशू.

२८ सप्टेंबर, रविवार
सांगलीला डोहाळजेवण. अशू हिरव्या साडीत इतकी गोड दिसत होती. आत खोलीत मला म्हणाली, ‘आई, शिंकले की थोडं ओलं होतं. सगळ्यांनाच होतं ना गं?’ मी पटकन म्हणाले, ‘हो, सगळ्यांनाच.’ खोटंही नाही ते. पण मी तिच्याकडे न बघता बोलले.
तिला बाळंतपणाला घेऊन आलो. गाडीत तिनं पाय सीटवर घेऊन मांडी घातली, इतक्या पोटासकट, सहज. कराडजवळ मलकापूर येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिले.

५ ऑक्टोबर, रविवार
आई परत आलीय, नातीचं बघायला. सकाळी अशूच्या पायांना तेल चोळता चोळता सगळं सांगून मोकळी. ‘मला बी हाय, तुज्या आयला बी हाय. तू आपली जपून ऱ्हा, कळ नीट आल्याबिगर जोर करू नगंस.’
अशू तशीच तेलकट पायांनी स्वयंपाकघरात आली.
‘मला का नाही सांगितलंस?’
‘तू घाबरशील म्हणून.’
‘मी घाबरलेलीच आहे गं! दोन महिने मला वाटतंय, माझ्यातच काहीतरी खोट आहे, खाली सगळं सुटल्यासारखं वाटतं, आणि तू म्हणतेस सगळ्यांनाच होतं!’
दोघी ओट्याला टेकून रडलो. आई बाहेरून ओरडली, ‘रडून घ्या, पन उभ्यानं नगं, बसून रडा.’ तेवढ्यात हसू आलं.
हे हॉलमध्ये होते. सगळं ऐकलं असणार. दुपारी बघते तर पिण्याच्या पाण्याचे कॅन, गॅसची टाकी, धुण्याची बादली, सगळं यांनीच हलवून ठेवलेलं. संध्याकाळी मी कळशीला हात लावला तर एवढंच म्हणाले, ‘ठेव. ऑर्डर आहे.’

११ ऑक्टोबर, शनिवार
अशूच्या कराडच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं, तीन पिढ्यांचं. त्यांनी अशूचे गुडघे, कोपरं, बोटं वळवून बघितली, कागदावर नोंद केली. म्हणाले, एवढ्यासाठी आधीच पोट कापायचं नाही, वेळ आली की ठरवू. जोर कमी, वेळ जास्त द्यायचा. नंतर आकुंचनाचे व्यायाम, जड उचलायचं नाही. आईला आहे म्हणून तिलाही होईलच असं नाही. ‘होईलच असं नाही’ हे मी रस्ताभर घोकत आले. ‘होणार नाही’ असं काही ते म्हणाले नाहीत.

१९ ऑक्टोबर, रविवार
नवस. पाडवा बुधवारी. झोप नाही.
यांच्याशी पहिल्यांदाच बोलले. म्हणाले, ‘देवाला कळतं. तो काय अफसर आहे, परेड चुकली म्हणून शिक्षा करायला?’ त्यांना सोपं आहे. त्यांनी शब्द दिलेला नाही. मी दिलाय, आणि पोटात आहे ते अशूच्या.
आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘तुजा नवस मी फेडते. नाथाला हुभं मानूस लागतंय, कोन ते न्हाई.’
मी नको म्हणाले. आता खरं लिहिते, एकदाच म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणायला हवं होतं, तोंड उघडलंच नाही. इतकं हलकं वाटलं की लाज वाटली.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा
आई कालच म्हसवडला गेली. वहिनीचा फोन. घट बसले, आई घरच्या घटापुढे उभी राहिली. ‘चांगभलं’ ऐकवलं फोनवर. मी इकडे स्टुलावर बसून करंज्या तळत होते.

२७ ऑक्टोबर, सोमवार
वहिनी म्हणते, पाय सुजलेत. आई म्हणते, ‘सुजत्यात की. दरसाली सुजत्यात.’ अशूचं पोट खाली उतरलंय. सगळंच खाली उतरतंय या घरात.

२९ ऑक्टोबर, बुधवार
सकाळी वहिनी रडत फोनवर. कालपासून आईला लघवी झालेली नाही, पोट दगडासारखं. दवाखान्यात यायला तयार नाही. ‘मी बसले तर पोरीचं काय?’ म्हणते.
मी निघाले. अशूला यांच्यावर सोपवलं. वेळ आहे अजून, दोन आठवडे तरी.

त्याच दिवशी, म्हसवड
पोचले तेव्हा आई दोराला लोंबकळल्यासारखी उभी होती. ओठ पांढरे. मी सांगितलं, रागावले, पायाही पडले. ऐकेना. शेवटी तिच्या हातातला दोर मी हातात घेतला. ‘नवस माझा आहे. आता मी उभी आहे. तू बस.’
बघत राहिली माझ्याकडे. मग भावानं आणि वहिनीनं धरून खाटेवर निजवलं, आणि निजवताना ती जी विव्हळली, तो आवाज मी विसरणार नाही. भाऊ गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेला. नळी घातली. अंग आत ढकललं. मिरजेला न्यायला सांगितलंय.
मी उभी. उभ्यानंच लिहितेय, भिंतीला वही लावून. रिंग आहे, पण खाली ओढतंय. भीती वाटते. देवाची आणि अंगाची, दोन्हींची एकदम.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार
आता सगळं सलग लिहिते.
काल गुरुवारी सकाळी यांचा फोन. ‘अशूचं पाणी गेलं. ॲडमिट केलंय.’ मागे अशूचा आवाज, ‘आईला म्हणावं ये. उभी राहू नको म्हणावं, ये.’
भाऊ आईला घेऊन मिरजेला गेलेला, गाडी त्याच्याकडे. वहिनी म्हणाली, ‘आवं ताई, यष्टी हाय की. यष्टीत हुभं ऱ्हावा. कुनी मोडलं म्हनायचं न्हाई.’ हे तिनं चेष्टेनं म्हटलेलं नाही. मलाही ते चेष्टा वाटलं नाही. स्टँडवर गेले, कराडची गाडी मिळाली. अर्धी रिकामी.
उभी राहिले. कंडक्टर म्हणाला, ‘मावशी, बसा की, जागा हाय.’ म्हटलं, पाठ दुखते. दहिवडी गेली. एक म्हातारी माझा पदर ओढून शेजारी बसवायला बघत होती. नको म्हटलं. खड्डा आला की आतून सगळं खाली हिसकत होतं. दांडा दोन्ही हातांनी धरलेला. मनात एकच, अशू, अशू, अशू.
वडूज सोडलं आणि एका वळणावर रिंग निसटली. कळलं मला. पाहुणी मागोमाग. साडीच्या आत, भर गाडीत, चारचौघांत. त्या क्षणी मला आई दिसली, डोक्यावर दोन घागरी घेऊन वाटेत थांबलेली. ती थांबली नसणार. चालत राहिली असणार. आणि मीही चालत राहिले तर उद्या अशू, परवा तिची.
बसले.
मोठ्यानं बसले, धप्पदिशी. म्हातारी म्हणाली, ‘आगं, मगाधरनं सांगतीया.’ मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. कोण कुठली बाई, डोक्यावरून हात फिरवत राहिली. नाव विचारायचंही राहिलं.
पोचले तेव्हा सिझर झालं होतं. बाळाचे ठोके कमी झाले म्हणून घाईनं घेतलं. मुलगी. श्वास भरभर चालतो म्हणून काचेच्या पेटीत ठेवलीय.
ठोके कधी कमी झाले ते विचारलं. यांनी वेळ सांगितली. मी मनात गाडी मोजली. वडूजच्या पुढे.

१ नोव्हेंबर, शनिवार
पेटीपाशी उभी राहू देतात, थोडा वेळ. बाळाची छाती चिमणीसारखी उडतेय. डॉक्टर म्हणतात, सिझरच्या बाळांना होतं असं, घाबरू नका. माझा कशावरच विश्वास बसत नाही. मी बसले म्हणून. मी बसले म्हणून. दिवसभर तेच.
अशूला सांगितलं. तिला हसायचं होतं, पण टाके ओढतात. म्हणाली, ‘आई, ठोके कमी झाले ते नाळ मानेला होती म्हणून. तू बसलीस म्हणून नाही. आणि तू उभी राहून मेली असतीस तर माझं बाळंतपण कुणी केलं असतं? बाबांनी?’
बरोबर आहे तिचं. तरी छातीतलं काही जात नाही.

२ नोव्हेंबर, रविवार. तुळशीचं लग्न
मिरजेहून आईचा फोन. ऑपरेशन बुधवारी. आवाज बारीक, पण चढा. आधी पणतीचं विचारलं. आज पेटीतून काढलं, अशूजवळ दिलं म्हटलं. मग,
‘खरं सांग. बसलीस का कुटं?’
खोटं बोलणार होते. तोंडापर्यंत आलं होतं.
‘बसले, आई. वडूजच्या पुढं.’
तिकडे खाट करकरली.
‘मी बी निजल्येय,’ म्हणाली. ‘चार दिस झालं. लय बरं वाटतंय बग.’

५ नोव्हेंबर, बुधवार
आई आत आहे, ऑपरेशन चालू आहे. भावाचा फोन येईल. माझी तारीख पुढच्या महिन्यात, डॉक्टरीणबाईंनी परत बजावलंय की टिकेल किती ते सांगता येणार नाही. अशू शिकवलेला व्यायाम पडल्या पडल्या करते, करताना भुवया वर जातात, म्हणून कळतं.
बाळ माझ्या मांडीवर. मी पलंगावर, पाय वर घेऊन, नीट बसलेली. मूठ उघडली तिनं. अंगठा आहे, भुईमुगाच्या दाण्याएवढा. डॉक्टरांना विचारलं होतं, आत्ता कळेल का? म्हणाले, सगळीच बाळं मऊ असतात, काही वर्षं तरी काही सांगता येत नाही.
तरी माझा हात गेला होता. एक बोट अंगठ्यापाशी नेलं, नुसतं टेकवलं. तिनंच ते बोट मुठीत पकडलं, घट्ट. मी काही वाकवून बघितलं नाही. फोन वाजतोय.